कुळाचं पान

येसाजीराव सहसा गोंधळणाऱ्यांतले नव्हते. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. केसभर फरक दिसला तरी माल परत. निवृत्त झाल्यावर चामराजपेटेतल्या घरी पोळपाट डुगडुगतो म्हणून ते त्याच्या पायांची मापं घेत बसत. अशा माणसाला एका पानानं वेड लावावं याची आपल्याला गंमत वाटेल. त्यांना मात्र घास गिळेना.

सगळं सुरू झालं एका फोनवरून. येसाजीरावांची मुलगी सौम्या आणि बसवनगुडीच्या हंबीररावांचा रणवीर यांनी आपलं आपण जमवलं होतं, आणि नवल म्हणजे दोन्ही घरांना ते पसंत पडलं होतं. दोन्ही घराणी फार पूर्वी फौजेबरोबर इकडे येऊन राहिलेली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारी. हॉल ठरला, जेवणात काय ते ठरलं. मग एके सकाळी हंबीररावांचा आवाज फोनमधून गडगडला.

"बाकी सगळं सरी, ठीक आहे, येसाजीअण्णा. तेवढं देवक कळवा. आमचं कळंब. तुमचं कळंब नसलं म्हणजे झालं की!"

आणि ते हसले. देवकाचं हसण्यावारी नेण्यासारखं नसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाआधी त्याचं पान पूजायचं, त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, आणि ज्यांचं देवक एक ती पोरं भाऊबहीण. भावाबहिणीचं लग्न कसं लावणार? हंबीरराव ट्रकांचा धंदा करतात, मोबाइलवर शेअर बघतात, पण या बाबतीत त्यांच्यापुढे ब्रह्मदेव आला तरी तो परत जाईल.

येसाजीरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

"अक्काला विचारून सांगतो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अक्का म्हणजे सकवारबाई, त्यांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आणि भावाच्या घरात राहून घराण्याचं सगळं शास्त्र डोक्यात जपलं. सुपारी कुठल्या हातानं ठेवायची, ओटी कुणाची आधी भरायची, यावर तिचा शब्द शेवटचा. तिला विचारलं की उत्तर मिळतं आणि वर दोन बोलणीही मिळतात, हा येसाजीरावांचा जन्माचा अनुभव.

"देवक?" अक्का कपड्यांच्या घड्या घालत होती. "ते फळीवर कोरलंय की. फळीलाच विचार." आणि घड्या अर्ध्या टाकून आत निघून गेली.

हे काय नवीन? येसाजीरावांना काही कळेना. बोलणीसुद्धा मिळाली नव्हती.

फळीचं प्रकरण असं. इतरांच्या घरी देवकाला खरं पान आणतात. येसाजीरावांच्या घरी म्हणे कुणा पूर्वजाला इकडे आपलं झाड सापडेना, म्हणून त्यानं ते पान लाकडात कोरून घेतलं. लग्न निघालं की त्या फळीला हळद-तेल लावायचं, पूजा करायची. पूजा घरच्या बायका करायच्या, पुरुष नुसते पाया पडायचे. येसाजीराव स्वतःच्या लग्नात तिच्या पाया पडले होते खरे, पण लग्नाच्या दिवशी नवरदेवाला फळी दिसते का? पुढे जुनं घर पाडून तिथे फ्लॅट झाले तेव्हा मुसळ आणि पाळण्याबरोबर हीही फळी, दाराची नक्षी समजून, त्यांनी आनेकलच्या पलीकडच्या एका संग्रहालयाला देऊन टाकली होती. कुळाचा देव भिंतीवरच्या शोभेला देणारा माणूस विरळाच.

तर रविवारी तिघं गाडीत बसून निघाली: येसाजीराव, अक्का आणि सौम्या. सौम्या मागं बसून सारखी रणवीरला काहीतरी लिहीत होती आणि पुसत होती. "अप्पा, समजा कळंबच निघालं तर?" तिनं एकदा विचारलं. येसाजीरावांनी गिअर बदलला. उत्तर अक्काकडून येईल असं त्यांना वाटलं होतं. अक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

संग्रहालय होतं एका खेड्यात, रेशमाचे किडे पाळायच्या जुन्या शेडमध्ये. शेजारी गावाची सामाईक राई, तिकडे तिला गुंडतोपू म्हणतात: जांभळाची, चिंचेची, आंब्याची म्हातारी झाडं. आत दोघांनी ओढायच्या करवती, मध काढणाऱ्यांचे वेलाचे दोर, लाकूड ओढणाऱ्या बैलांची जोखडं. पलीकडच्या भिंतीला कोरीवकाम: रथाच्या चाकावरचे सिंह, चौकटींवरचे पोपट, एक नाक तुटलेली यक्षी. हे सगळं जमवलं होतं विद्याधर आणि प्रतिमा या पुण्याच्या जोडप्यानं. विद्याधर लाकडावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेतून निवृत्त झाला होता, आणि निवृत्तीनंतर माणूस जे करतो ते, म्हणजे तेच काम बिनपगारी, करत होता.

"अरे वा, डोनर आले!" विद्याधर पुढं आला. येसाजीरावांनी घडलेलं सांगितलं. विद्याधरचे डोळे चमकले. "देवक? हे म्हणजे टू गुड आहे. मी तर लेबलवर 'दाराची नक्षी' लिहिलंय. पण पान कुठलं ते सोपं आहे. पिंपळ. ही बघा शेपटी."

फळी खिळ्याला टांगलेली होती. हातभर लांब, काळपट, मध्यभागी एकच मोठं पान, खाली लांब टोक. पिंपळच! येसाजीरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. सौम्यानं फोन काढला.

"उलटी टांगली आहे," अक्का म्हणाली.

"काय?"

"देठ वर असतं. देवापुढे पान ठेवतो तसं."

विद्याधरनं फळी उतरवून फिरवली. शेपटी समजत होते ते देठ निघालं. पिंपळ गेला. सौम्यानं फोन परत पर्समध्ये टाकला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. विद्याधर म्हणाला, आता उंबर वाटतोय. प्रतिमा चहा घेऊन आली आणि म्हणाली, आंबा आहे, सरळ आंबा, तुम्ही उगाच कॉम्प्लिकेट करता. सौम्यानं फोटो काढून एका ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, सागवान, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणालं, तंबाखू. तंबाखू देवक असलेलं घराणं पृथ्वीवर असेल असं वाटत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

येसाजीरावांमधला मापाडी जागा झाला. "लाकूड कुठलं ते सांगा," ते म्हणाले. "देवकाच्या झाडाला आमच्यात कुणी करवत लावणार नाही. म्हणजे फळी ज्या लाकडाची, ते तरी आमचं देवक नव्हे. कळंबाची निघाली तर प्रश्नच मिटला!"

हा युक्तिवाद सगळ्यांना पटला. विद्याधरनं भिंग आणलं, फळीच्या कडेवर एक बारीक चकती तासली, उजेडात धरली, प्रतिमाला दाखवली, परत स्वतः बघितली. चहा गार झाला.

"फणस," तो म्हणाला. "शंभर टक्के."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं देवक फणस नाही."

फणस आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. येसाजीराव मटकन बाकावर बसले. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट धरली होती, की वस्तू नीट बघितली तर ती आपलं माप सांगते. ही फळी बघावी तितकी गप्प बसत होती. समोर लेक नखं खात होती, आणि तिचं सगळं पुढचं आयुष्य या काळ्या लाकडातल्या चार रेघांवर लोंबकळत होतं. बापानं काय करावं? खोटं सांगावं? आणि खोटं ठरायला आधी खरं ठाऊक हवं ना!

विद्याधर मात्र इरेला पेटला होता. त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि टॉर्च फळीला अगदी चिकटून आडवा धरला. उजेड कडेनं पडला तशा न दिसणाऱ्या रेघा वर आल्या.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "हे एक पान नाहीये."

सगळी वाकली.

"ही वरची रेघ बघा, खोल आहे. रुंद पान, शिरा सरळ, एकमेकींना समांतर. आणि हिच्या खाली, ही पुसट बाक दिसते? ती दुसऱ्या पानाची कड. अरुंद. त्याच्याही खाली आणखी काहीतरी आहे, ते आता उरलं नाहीये. कुणीतरी पुनःपुन्हा कोरलंय हे. पानावर पान."

"पान उजळायचे," अक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "हळदीनं, तेलानं रेघा बुजतात. म्हणून घरात लग्न निघालं की आदल्या दिवशी सुताराला बोलवायचं. तो पटाशीनं रेघा परत कापायचा. त्याला म्हणायचं पान उजळणं."

"आणि प्रत्येक सुतारानं थोडं आपल्या मनाचं केलं!" विद्याधर हरखून म्हणाला. "हे फॅन्टॅस्टिक आहे, खरंच."

"सगळ्यात वरचं," सौम्यानं विचारलं, "ते कुठलं?"

विद्याधरचं हसू मावळलं. त्यानं पुन्हा एकदा बघितलं, जरा जास्तच वेळ.

"वरचं कळंब आहे," तो म्हणाला. "सॉरी. त्यात आता शंका नाही."

सौम्या रथाच्या चाकाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून, आणि तिचे खांदे हलायला लागले. येसाजीराव तिच्याकडे न जाता विद्याधरकडे वळले.

"पण खालचं वेगळं आहे म्हणता ना?" ते विद्याधरला म्हणाले. "मग खरं ते खालचं! आधीचं ते खरं."

"कदाचित. पण त्याच्याही आधीचं काय? ते कापून गेलंय. तिथे काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही."

"मग शेवटचं खरं धरायचं की पहिलं?"

"मी लाकडाचा माणूस आहे हो," विद्याधर कळवळून म्हणाला. "हे मला नका विचारू."

बाहेर सावलीत पुट्टस्वामी बसला होता. रविवारी येणाऱ्या लोकांना कोरीवकाम करून दाखवायला तो यायचा. आज गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून एका पोपटाची चोच घासत होता. अक्का उठली, दारापर्यंत गेली आणि कन्नडमध्ये त्याला म्हणाली, "पटाशी घेऊन आत या. आमच्या घरी लग्न आहे. पान उजळायचं आहे."

"अहो मॅडम, असं नाही करता येणार!" विद्याधर फळीच्या आडवाच आला. "वस्तू जशी आली तशी ठेवायची, हा बेसिक नियम आहे."

"वस्तू नाही ती."

"पण त्याच्यावर तीन-चार पिढ्यांचं—"

"विद्याधर," प्रतिमा म्हणाली, "त्यांचं आहे ते. दे."

विद्याधर एकदा बायकोकडे, एकदा फळीकडे बघून बाजूला झाला. त्याचा जीव तुटत होता, हेही सांगायला हवं.

पुट्टस्वामीनं फळी मांडीवर घेतली, अंगठ्यानं रेघा चाचपल्या, धार बघितली. मग मान वर करून त्यानं साधा प्रश्न विचारला.

"याव एले?"

कुठलं पान?

तो येसाजीरावांकडे बघत होता. घरातला कर्ता पुरुष तेच दिसत होते. इतका वेळ ते फळीला हाच प्रश्न विचारत होते, आणि आता तोच उलटून त्यांच्याकडे आला होता. त्यांच्या मनात आलं की हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला जात नाही. प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी कुणीतरी सुतार मांडीवर फळी घेऊन बसला असेल, बुजलेल्या रेघांवरून त्याला काही कळलं नसेल, आणि त्यानं समोर उभ्या असलेल्या बापाला हेच विचारलं असेल. आणि तो बाप? त्याला तरी ठाऊक होतं का?

"अक्का," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

अक्का बाकावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग बोलली ती कुणाकडेही न बघता.

"आपल्या थोरल्या अण्णाच्या लग्नात हळदीचं ताट मी धरलं होतं. तू तेव्हा चड्डीत फिरायचास. सुतार आला, त्यानं असंच विचारलं. आपले आप्पा हिशेबात होते, मांडववाल्याशी भांडत होते. त्यांनी मान वळवली, स्वल्प थांबले, आणि म्हणाले, कळंब. एवढंच. मला वाटलं, आप्पांना ठाऊकच असणार. बापाला ठाऊक असतं की." तिनं पदर सोडला. "पुढच्याच वर्षी मला कोलारचं स्थळ आलं. मुलगा घरी येऊन गेला. मला आवडला होता, येसू. त्यांचं देवक कळंब निघालं. आप्पा म्हणाले, भाऊ होतो तो तुझा. संपलं."

सौम्या चाकापाशी वळून उभी होती.

"मी आप्पांना एका शब्दानं विचारलं नाही. कुळाचं झाड, त्याच्यापुढे आपण कोण? लालबागेत कळंब आहे, त्याला मी दर दसऱ्याला जाऊन हळदकुंकू वाहत आले. आणि आज हे म्हणतात, त्याच्याखाली दुसरंच पान आहे." तिनं विद्याधरकडे बोट केलं, जणू सगळा गुन्हा त्याच्या टॉर्चचाच. "आप्पांना ठाऊक होतं का, येसू? की सुतार खोळंबला होता म्हणून तोंडाला आलं ते बोलले? की त्यांना ते कोलारचे लोक आधीपासूनच नको होते?"

येसाजीरावांना आप्पा आठवत होते ते संध्याकाळी दारात विड्याचं पान जमवणारे, कमी बोलणारे, ज्यांना उलटून विचारायची घरात पद्धत नव्हती. त्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय होतं हे कुठल्या भिंगातून दिसणार होतं? त्यांना बहिणीची इतकी दया आली की स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"अत्ते," सौम्या जवळ येऊन म्हणाली, "राहू दे. आपण त्यांना काही सांगूच नको. मी रणवीरशी बोलते."

"गप्प बस," अक्का म्हणाली. डोळे पुसून ती पुट्टस्वामीकडे वळली. "नेरळे."

"जांभूळ?" येसाजीराव दचकले. "अक्का, जांभूळ कुठं होतं त्यात? उंबर म्हणाले, आंबा म्हणाले—"

"आता आहे."

पुट्टस्वामीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तो उठून राईत गेला, जांभळाचं एक चांगलं पान तोडून आणलं, फळीवर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड गिरवली आणि पटाशी लावली. पहिला घाव कळंबाच्या मधल्या शिरेवरच पडणार होता.

"स्वल्प निल्ली," अक्का म्हणाली. थांबा जरा.

तिनं पुढं वाकून त्या शिरेवरून बोट फिरवलं, देठापासून टोकापर्यंत, एकदाच. "हं. काप आता."

लाकूड जुनं होतं, चिवट होतं. बारीक बारीक कपचे उडायला लागले. विद्याधर ते एकेक उचलून कागदात ठेवत होता. संशोधकाला दुःखातही काही सुचतं ते असं.

तेवढ्यात येसाजीरावांचा फोन वाजला. हंबीरराव. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला आणि मग पस्तावले.

"काय निघालं, येसाजीअण्णा? पोरगं इथं जेवेना झालंय!"

येसाजीरावांनी फळीकडे पाहिलं. कळंबाच्या रुंद पानाच्या आत एक निमुळतं पान पांढुरकं उमटत होतं. केसभर फरक असला तरी माल परत पाठवणारा तो माणूस. त्याला या घडीला हेही सांगता येईना की आपण खरं बोलणार आहोत की खोटं.

"जांभूळ," ते म्हणाले.

"जांभूळ! ऐय्यो, मग काय, वाजवा सनई! नक्की ना पण? हे पिढ्यांचं काम आहे."

"अक्का सांगतेय."

"मग झालंच. सकवारअक्कांना माझा नमस्कार सांगा. घरात असं एक तरी ठाऊक असलेलं माणूस हवं बघा. आजकाल कुणाला काय ठाऊक असतं?"

सौम्या अत्तेच्या गळ्यात पडायला निघाली होती. अक्कानं तिला एका हातानं धरून ठेवलं आणि दुसरा हात फोनसाठी पुढं केला. येसाजीरावांनी तो दिला. तिचे गाल अजून ओले होते, पण आवाज शाळेत शिकवताना असायचा तसा खणखणीत निघाला.

"होय की, हंबीरराव," ती म्हणाली. "आमच्या आप्पांनाही असंच सगळं ठाऊक असायचं."